हुकूम कोणाचा?

१९७६ साली एडिंबरा विद्यापीठातून सिल्व्हिया वेअर आणि रिकी इमॅन्युएल यांचा एक अहवाल निघाला. सात वर्षांचा एक स्वमग्न मुलगा, जमिनीवर फिरणारं यंत्र-कासव आणि त्याला हुकूम सोडायची बटणांची पेटी, एवढाच त्यातला ऐवज. पण कासव आपल्या तालावर चालतं हे उमगल्यावर तो मुलगा शेजारच्या मोठ्या माणसाशीही आपणहून संवाद साधू लागला, ही त्यातली नोंद मोलाची ठरली.

हे कासव लोगो या संगणकभाषेचं. सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग प्रभृतींनी ती १९६७ साली अमेरिकेत घडवली. संगणकाने मुलाला पढवायचं नाही, मुलाने संगणकाला शिकवायचं, हा पॅपर्टचा आग्रह. ‘पुढे १००, उजवीकडे ९०’ असं चारदा सांगितलं की चौरस तयार. त्रिकोणासाठी मात्र पुष्कळजण ६० अंश देऊन बसतात आणि कासव अर्धा षटकोन काढून थांबतं. वळायचं असतं ते बाहेरच्या कोनातून, १२० अंशांत. ही चूक कोणी दाखवावी लागत नाही, ती समोर उमटलेली असते. कासव रागावत नाही. आज ज्या हुकमाचा जो परिणाम, तोच उद्याही. माणसांच्या बदलत्या सुरांनी गोंधळणाऱ्या मुलाला हा भरवसा फार मोठा.

पुढच्या दशकांत मात्र हुकमाची दिशा बरीच उलटली. १९९८ साली कर्स्टिन डाउटेनहान यांनी ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांना रोबोटशी खेळवणारा ‘ऑरोरा’ प्रकल्प सुरू केला, २००५मध्ये हर्टफर्डशर विद्यापीठात ‘कॅस्पर’ हा बाहुल्यासारखा रोबोट आला. त्यांचा भर नजरेला नजर देणं, आळीपाळीने खेळणं यांवर होता. हे कामही गरजेचं, पण त्यात गणित-विज्ञान बाजूला पडलं. २०१०मध्ये आयपॅड आला आणि चित्रं ओळखण्याच्या अ‍ॅप्सचा सुकाळ झाला. २०१३मध्ये व्हिक्टोरिया नाइट आणि सहकाऱ्यांनी तंत्रज्ञानाच्या आधारे शालेय विषय शिकवण्याचे प्रयोग तपासले, तेव्हा दर्जाच्या कसोटीला फार थोडे उतरले.

त्याच वर्षी शिन वेई आणि सहकाऱ्यांचा अमेरिकी विद्यार्थ्यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. महाविद्यालयात पोहोचलेल्या स्वमग्न विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३४ टक्क्यांनी विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी वा गणित निवडलं होतं. एकूण विद्यार्थ्यांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होतं. हा आकडा भाषणांतून भरपूर फिरला. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा फारसा कोणी सांगत नाही: मुळात महाविद्यालयापर्यंत पोहोचले होते स्वमग्न तरुणांपैकी जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे अडचण आवडीची नव्हती, वाटेची होती.

ती वाट काढणारे प्रयत्न पुन्हा कासवाच्याच दिशेने गेलेले दिसतात. एमआयटीच्या ‘स्क्रॅच’ या संगणकभाषेत (२००७) आज्ञांचे ठोकळे जिथे बसतात तिथेच बसतात, टंकलेखनाच्या चुकांचा जाच नाही. युटा विद्यापीठाच्या कार्यशाळांत स्वमग्न मुलं स्केचअप या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सपाट आकृती ओढून त्रिमितीत इमारती उभारू लागली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांत २००३पासून स्वमग्न आणि इतर मुलं एकत्र शिकतात असे ‘नेस्ट’ वर्ग आहेत. तिथे पुढे ‘आयडियाज’ हे वस्तू घडवण्याचे मेकर क्लब निघाले. एखाद्याला रेल्वेचंच वेड असेल, तर ते सोडवायचं नाही, रेल्वेच बनवायला घ्यायची. आराखडा, नमुना, चाचणी, दुरुस्ती हे टप्पे त्या वेडाच्याच आधाराने शिकायचे.

आपल्याकडे सुरुवात संवादापासून झाली, आणि ते योग्यच होतं. चेन्नईत ‘आवाज’ हे चित्रांतून बोलणारं अ‍ॅप आलं, मुंबईत आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागाने तसंच ‘जेलो’ घडवलं. चित्रावर बोट ठेवलं की ‘जेलो’ मराठीतही बोलतं. पण भूक, तहान, आई-बाबा यांच्या पलीकडे ‘कोन’, ‘वजन’, ‘असं का झालं?’ हेही त्या पडद्यावर हवं, नाहीतर प्रयोगाच्या तासाला मूल गप्पच राहणार. २०१६ साली स्वमग्नतेचा समावेश असलेला दिव्यांग हक्क कायदा संमत झाला, आणि शाळाशाळांत रोबोटची किट पोहोचवणाऱ्या अटल टिंकरिंग लॅबही त्याच वर्षी सुरू झाल्या. कायदा आणि सामान दोन्ही हाताशी आहेत. लॅबच्या वेळापत्रकात शांत वेळेचा एक तास, भिंतीवर चित्रमय पायऱ्या आणि रिमोट स्वमग्न मुलाच्या हातात, एवढं तर कुठल्याही मुख्याध्यापकाला नव्या अनुदानाची वाट न पाहता करता येईल.