खाण असो की गॅरेज, पाण्याचा हिशोब आधी!

धंदा टाकताना आपण भांडवल मोजतो. पाणी मोजतो का?

मंगोलियाच्या गोबी वाळवंटात ओयू तोल्गोई ही तांबं-सोन्याची खाण आहे. दगड दळून धातू वेगळा करायला भरपूर पाणी लागतं. तिथले पशुपालक मात्र उथळ विहिरींवर जगतात. म्हणून खाण खोल जमिनीतलं खारट पाणी घेते आणि ८० टक्क्यांहून जास्त पाणी पुन्हा वापरते.

तरीही पशुपालकांच्या तक्रारी आल्याच. मग २०१५ मध्ये पशुपालक, स्थानिक प्रशासन आणि कंपनी अशी तिघांची समिती बसली.

तुमचं वॉशिंग सेंटर असलं तरी तीन प्रश्न आजच वहीत लिहा: पाणी कुठून घेणार? सांडपाणी कुठे सोडणार? शेजाऱ्याला त्रास झाला तर त्याने कुणाशी बोलायचं? नंतर निस्तरणं महागात पडतं!