क्वांटमची शिकवणी

गेल्या द्राक्षहंगामांत दिंडोरीस आमच्या एका आप्तांकडे जाण्याचा योग आला. ओसरीवर चहा चालला असतां घरच्या वहिनींनीं एक गुळगुळीत रंगीत पत्रक आमच्यापुढें ठेविलें व म्हणाल्या, "भाऊजी, आपण चार पुस्तकें वाचलेलीं. हें खरें असेल का, तेवढें सांगा."

पत्रकांत म्हटलें होतें कीं, मूल म्हणजे शक्तीचा तरंग होय. त्याच्या ठायीं अनंत शक्यता एकाच वेळीं नांदतात. पालक ज्या दृष्टीनें पाहतील ती शक्यता साकार होते. आणि सात दिवसांच्या 'क्वांटम' वर्गानंतर मूल डोळे बांधूनहि वाचूं लागतें. वर्गणी ऐकून आम्ही चपापलों. वहिनींचा धाकटा तिसरींत आहे व जोडाक्षरांशीं अडखळतो. त्यांच्या ओळखीच्या एका बाईंनीं अशाच वर्गाचे पैसे भरले होते. मुलांत फरक पडेना, तेव्हां त्यांस उत्तर मिळालें कीं, "तुमच्याच मनांत शंका होती, म्हणून मुलाची लहर विझली." ती माउली अद्याप स्वतःस दोष देत आहे.

पैसा गेला तर पुन्हां मिळवितां येतो. परंतु आईच्या मनांत असा सल रुतविणें हा आम्हांस अपराध वाटतो. म्हणून या 'क्वांटम'चा विचार करणें अवश्य आहे.

क्वांटम, म्हणजे मराठींत पुंज, ही कल्पना खोटी नव्हे. 1900 सालीं माक्स प्लांक यांनीं असें मांडलें कीं, प्रकाशाची ऊर्जा अखंड धारेनें नव्हे, तर ठराविक मापाच्या पुंजक्यांनीं दिली-घेतली जाते. पुढें आइन्स्टाइन, बोर, आपले सत्येंद्रनाथ बोस, हायझेनबर्ग व श्रोडिंगर यांनीं त्या पायावर मोठी इमारत उभी केली. आपल्या खिशांतील दूरध्वनीहि तिच्याच आधारें चालतो. परंतु प्लांकचा जो स्थिरांक या शास्त्राच्या मुळाशीं आहे, तो ज्यूल-सेकंद या मापांत लिहावयाचा तर दशांशचिन्हापुढें तेहतीस शून्यें मांडून मग 6626 हे आंकडे येतात. पांच ग्रॅमचा एक द्राक्षमणी घ्या. त्याची जागा मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत निश्चित केली, तर हायझेनबर्गच्या 1927 च्या नियमानुसार त्याच्या वेगांत जी अल्पतम अनिश्चितता उरते, ती विश्वाच्या सुमारें 1380 कोटी वर्षांच्या आयुष्यांतहि त्या मण्यास केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकें हलवूं शकणार नाहीं! मग तिसरीतल्या मुलाची काय कथा?

पत्रकवाल्यांचा दुसरा आधार 'निरीक्षका'चा. निरीक्षणानें कणाची स्थिति ठरते, हें खरें. पण येथें निरीक्षण म्हणजे मापनयंत्राशीं घडणारा भौतिक संबंध, आईची माया किंवा शंका नव्हे. प्रयोगशाळेंत कोणी नसतां यंत्रानें नोंद केली, तरी फल तेंच. मेंदूहि अणूंचाच बनलेला आहे, असें कोणी म्हणेल. तशी पाटी आणि पोळीहि अणूंचीच आहे! माक्स टेगमार्क यांनीं 2000 सालीं गणित करून दाखविलें कीं, उबदार मेंदूंत अशी तरंगस्थिति सेकंदाच्या एक लक्ष कोटी भागांपैकीं एका भागाइतकीहि टिकत नाहीं. विचार त्याहून पुष्कळ मंद असतात.

हा मोह केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. अमेरिकेंतील भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनीं पुंजगुरुत्वावर मुद्दाम निरर्थक लेख लिहून एका विद्वन्मान्य त्रैमासिकाकडे धाडला. तो 1996 सालीं छापला गेला. जपानांत निघालेलें 'क्वांटम वाचन' चीनमध्यें पोहोंचलें, आणि 2019 सालीं पानें नुसतीं फडफडवून 'वाचणाऱ्या' मुलांचीं चित्रें पाहून तेथील लोकांनींच त्याची टर उडविली. डोळे बांधून वाचण्याचा चमत्कार तर नाकाच्या कडेच्या फटींतून साधतो. मुलाच्या हनुवटीखालीं एक आडवा पुठ्ठा धरावा, वाचन थांबतें.

दाव्याची परीक्षा कशी घ्यावी, हें जयंत नारळीकर यांनीं आपल्याच महाराष्ट्रांत दाखविलें. 2008 सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शंभर हुशार मुलांच्या व शंभर विशेष शाळांतील मुलांच्या कुंडल्या जमविल्या आणि ज्योतिष्यांस प्रत्येकीं चाळीस कुंडल्या देऊन ओळखावयास सांगितलें. उत्तरें पाठविणाऱ्या सत्तावीस जणांचें यश सरासरीनें शेंकडा 46, म्हणजे नाणें उडविल्यानें लाभेल तेवढेंच! क्वांटमवर्ग चालविणारांनीं अशी परीक्षा द्यावी, मग वर्गणी मागावी.

आणि शिक्षणाचें खरें शास्त्र आपणांकडे नाहीं काय? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं 1945 सालीं बोर्डीस जें काम आरंभिलें व पुढें कोसबाडच्या टेकडीवर नेलें, त्याचीं साधनें शंख, शिंपले, बिया व पानें हीं होतीं. मूल काय करतें, कोठें अडतें, कशांत रमतें, हें रोज डोळसपणें पाहणें, हेंच त्यांचें निरीक्षण होतें. तें फळास आलें, कारण त्यांत माणसाचा वेळ व जीव ओतलेला होता.

आम्हीं वहिनींस एवढेंच सांगितलें: प्रथम मुलाचे डोळे तपासून घ्यावे, शाळेंतील बाईंस भेटावें, आणि रोज दिवेलागणीनंतर अर्धा तास त्याच्याजवळ बसून गोष्टीचें एक पान वाचावें. तरीहि अडलें, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आणि ज्या बाईंस "तुमच्या शंकेनें घात केला" असें ऐकविलें, त्यांस आमचा निरोप द्यावा कीं, मुलाचें नुकसान त्यांच्या शंकेनें झालें नाहीं. उलट ती शंकाच त्या सबंध व्यवहारांतील एकमेव शास्त्रीय गोष्ट होती.