फिनिश वृंदगान

फिनिश वृंदगान : फिनलंडमधील अनेक कंठांनी मिळून गावयाच्या संगीताची परंपरा. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या व नंतर १९१७ पर्यंत रशियाच्या अंमलाखाली होते. सुशिक्षितांचा व्यवहार दीर्घकाळ स्वीडिशमध्ये चाले. अशा परिस्थितीत फिनिश भाषेला कलासंगीतात स्थान मिळवून देण्यात वृंदगानाचा वाटा मोठा आहे.

पीए कांतिओनेस (१५८२) हा मुख्यतः लॅटिन गीतांचा संग्रह या परंपरेतील महत्त्वाचा जुना ठेवा होय. त्याचे फिनिश भाषांतर १६१६ मध्ये झाले. आधुनिक वृंदगानाचा पाया जर्मनीत जन्मलेल्या फ्रेड्रिक पासिउसने (१८०९–९१) घातला. त्याने १८३८ मध्ये हेल्सिंकीत विद्यार्थ्यांचे पुरुषवृंद स्थापन केले. पुढे राष्ट्रगीत ठरलेली त्याची रचना (१८४८) मुळात रूनेबेर्यच्या स्वीडिश कवितेवर बांधलेली आहे. विद्यार्थ्यांचे फिनिशभाषिक वृंद १८८३ मध्ये निघाले आणि १८८४ मध्ये युव्हास्क्युला येथे गीतमहोत्सव भरला.

स्वीडिश वा जर्मन वळणाच्या चाली फिनिश शब्दांना सहजी मानवत नाहीत. या भाषेत आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो आणि ऱ्हस्व-दीर्घ भेदाने अर्थ पालटतो, उदा., ‘तुलि’ म्हणजे अग्नी, तर ‘तूलि’ म्हणजे वारा. यान सिबेलिअसने (१८६५–१९५७) या उच्चारधर्मातूनच संगीताची लय घडविली. कालेवाला या महाकाव्यावरील त्याच्या कुल्लेर्व्हो (१८९२) या कृतीत पुरुषवृंद बव्हंशी एकस्वरात कथा सांगते; तिच्या तिसऱ्या भागात पाच मात्रांचे माप योजिले आहे. १८९३ नंतर मात्र त्याने आपल्या हयातीत ही कृती संपूर्ण सादर होऊ दिली नाही. लोकगीतांच्या शब्दांवरील राकास्ताव्हा (१८९४) ही त्याची विनासाथ वृंदरचना विद्यार्थिवृंदाच्या स्पर्धेत दुसरी आली. आज तिची गणना त्याच्या उत्कृष्ट वृंदरचनांत होते. फिनलांदिया या वाद्यवृंदरचनेतील स्तोत्रसदृश चालीला कॉस्केन्निएमीचे शब्द १९४० मध्ये लाभले.

त्याच्यानंतरच्या पिढीत तॉइव्हो कूला (१८८३–१९१८) व लेव्ही मादेतोया (१८८७–१९४७) हे प्रमुख होत. भावोत्कट वृंदरचना करणाऱ्या कूलाचा यादवी युद्धाच्या अखेरीस गोळी लागून अकाली मृत्यू झाला. एरिक बेर्गमानने (१९११–२००६) वृंदात गायनाबरोबर भाषण, कुजबूज इत्यादींचा वापर केला. तर एइनोयुहानी राउतावाराने (१९२८–२०१६) विगिलिया (१९७१-७२) या कृतीत ऑर्थोडॉक्स उपासनासंगीताला नवे रूप दिले. १९६३ मध्ये एर्की पोह्योलाने स्थापन केलेल्या तापिओला बालवृंदामुळे ही परंपरा मुलांपर्यंत पोहोचली व जगभर परिचित झाली.