हैदराबादच्या मास्तरांचा संघ

निर्मल हे नाव वाचताच वसईकडील वाचकांना आपले शेजारचे निर्मळ आठवेल. पण आम्ही म्हणतो ते निर्मल गोदावरीच्या पलीकडे, तेलंगणात आहे. लाकडी खेळणी व रंगीत चित्रे यांसाठी ते प्रसिद्ध आहे. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. हे निर्मल आणि आमचे मराठी नांदेड १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. तेव्हा त्या राज्याच्या राजधानीत घडलेली ही गोष्ट दोघांनीही आपली म्हणावी अशी आहे.

अमेरिकेत एखाद्या लहानशा कॉलेजचा फुटबॉल संघ मैदानात उतरला की सारे गाव कामधंदा विसरते, असे आपण ऐकतो. तो फुटबॉल निराळा; त्यात चेंडू हातात घेऊन धावतात. आपला फुटबॉल पायांचा. पण एक शिक्षक व थोडी मुले मिळून काय करू शकतात, हे हैदराबादनेही जगाला दाखविले आहे.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ साली हैदराबादेत झाला. ते उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून खेळले व पुढे शाळेत शिक्षक झाले. १९५० पासून मृत्यूपर्यंत ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते. या संघाने मुंबईच्या मैदानावर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. कलकत्त्याच्या नामांकित संघांपुढे पोलिसांचा हा संघ कोण, असे विचारणाऱ्यांना उत्तर मिळाले.

रहीम यांची शिकवण वर्गातल्यासारखी होती. उजव्या पायाने खेळणाऱ्या मुलाने डाव्या पायानेच चेंडू मारावा, असे सामने ते भरवीत. चेंडू स्वतःच्या पायाशी घोळवीत न राहता सोबत्याकडे चटकन द्यावा, हा त्यांचा धडा होता. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा गरीब घरातला तुलसीदास बलराम हा त्यांच्याच हाताखाली घडून देशासाठी खेळला.

भारतीय संघाची धुराही रहीम यांच्याकडेच होती. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा आपल्या गोव्याच्या मातीतला. भारत चौथा आला. याहून वरचे स्थान ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आपल्याला अद्याप मिळालेले नाही.

पण आम्हांला सांगायचा आहे तो १९६२ चा जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेचा मोसम. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. थायलंडला नमविताना बचावपटू जर्नेलसिंगचे डोके फुटले व टाके पडले. जपानविरुद्धच्या सामन्यात तो खेळू शकला नाही; पण उपान्त्य सामन्यात डोक्याला पट्टी बांधून तो पुढच्या फळीत उतरला आणि त्याने गोलही केला. अंतिम सामना ४ सप्टेंबरला पुन्हा दक्षिण कोरियाशीच होता. इस्रायल व तैवान यांना स्पर्धेतून वगळल्यावरून वाद झाला होता, त्यामुळे तेथील प्रचंड प्रेक्षकसमुदाय भारताच्या विरोधात ओरडत होता. गोलरक्षक पीटर थंगराज तापातून उठलेला. गोव्याच्या कोलवाळचा फॉर्तुनातो फ्रँको मधल्या फळीत. पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला व जर्नेलसिंगने दुसरा. शेवटी कोरियाने एक गोल फेडला, पण भारत २-१ ने जिंकला.

रहीम तेव्हा आजारी होते. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. ११ जून १९६३ रोजी, म्हणजे त्या विजयानंतर वर्षही न लोटता, त्यांचे निधन झाले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर आजतागायत भारताला मिळालेले नाही. २०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कितीतरी तरुणांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले. जिंकणाऱ्यांचे फोटो घरोघरी लागतात. शिकविणाऱ्याला मात्र लोक लवकर विसरतात.

भाताची कापणी झाली की आपल्या गावांतील मुले रिकाम्या शेतात चेंडू घेऊन जमतात. आपण त्यांना दुरून हाका मारून घरी बोलावतो आणि अभ्यासाला बसवितो. अभ्यास हवाच. परंतु एखाद्या संध्याकाळी गावातल्या मास्तरांनी, किंवा एखाद्या वडील माणसाने, बांधावर उभे राहून “डाव्या पायाने मार रे!” एवढे जरी सांगितले, तरी काय बिघडेल? रहीम मास्तरांनी याहून फारसे निराळे काही केले नव्हते. त्यांनी ते रोज केले, आणि अखेरपर्यंत केले.