बोस्केतला पाचोळा

सकाळी 6.30 : नोव्हेंबरात अल्बुकर्कीला पहाटे चांगलंच गोठतं. गाडीत कागदी पिशव्या, मोजपट्टी, हातमोजे, पाण्याचा कॅन भरते. पिशव्या कागदीच हव्यात. प्लास्टिकमध्ये ओलसर पानं कोंदट होतात, बुरशी धरते.

8.00 : रिओ ग्रांदेच्या काठचं हे जंगल, इथे त्याला बोस्के म्हणतात. वर्षाला जेमतेम 9 इंच पाऊस पडणाऱ्या मुलखात कॉटनवुडची ही झाडं जगतात ती नदीच्या जमिनीखालच्या ओलीवर. पाणी किती खोल गेलंय ते आधी विहिरीच्या नळीत पट्टी सोडून पाहायचं, मग बाकीचं काम.

9.00 : शाळेची मुलं येतात. बोस्के इकोसिस्टिम मॉनिटरिंग प्रोग्रॅममध्ये 1996 पासून ही मोजणी मुलांच्याच हातून होते. झाडांखाली ठेवलेल्या टबांमध्ये महिनाभरात जे गळून पडलं, ते सगळं पिशवीत भरायचं आणि पिशवीवर जागा, तारीख, टबाचा क्रमांक लिहायचा. या महिन्यात टब काठोकाठ भरलेत.

10.30 : मुलांना गुडघ्यांवर बसवून जमिनीवरचा पाचोळा थराथराने उचलायला लावते. वर यंदाची पिवळीधमक पानं, पिंपळपानाच्या घाटाची पण दातेरी काठांची. त्याखाली करडी, ठिसूळ. त्याच्याही खाली जाळीदार, तरी अजून पान म्हणून ओळखू येणारी. हाताला ओल लागतच नाही. एका मुलाला पिलबग सापडतो, बोट लागताच गोळी होतो. मूळचा युरोपातला हा किडा पूर न येणाऱ्या कोरड्या पाचोळ्यात चांगलाच माजलाय. पुराचं पाणी फिरतं तिथे मात्र इथलेच रातकिडे जास्त दिसतात.

‘‘मिस, हे सगळं झाडून का नाही टाकत?’’ एक मुलगी विचारते.

दर वर्षी कुणीतरी विचारतंच, आणि प्रश्न रास्त आहे. पूर्वी बर्फ वितळलं की मे-जूनमध्ये नदी काठ ओलांडून रानात शिरायची. पाचोळा भिजायचा, बुरशी आणि जिवाणू त्याला कुजवायचे, काही पाण्याबरोबर वाहून जायचा. ओल्या उघड्या गाळावर कॉटनवुडचं बी रुजायचं. आजचे बरेचसे मोठे वृक्ष 1940 च्या दशकातल्या पुरांच्या सुमाराचे. 1970 च्या दशकात वरच्या बाजूला कोचिटी धरण झालं, पूर आवरले, शहर सुरक्षित झालं. पानं मात्र गळतच राहिली, न कुजता साठत गेली, आगीला सरपण झाली. जून 2003 मध्ये याच शहरात बोस्के पेटलं तेव्हा लोकांना घरं सोडावी लागली. आगीनंतर सॉल्ट सीडर नावाचं झुडूप बुंध्यातून जोमाने फुटतं, जुना कॉटनवुड बहुधा उठत नाही.

पण सगळा पाचोळा झाडून नेला, तर जमिनीचं खतही जातं आणि सावलीही.

दुपारी 2.00 : प्रयोगशाळेत मागच्या महिन्याच्या, भट्टीत सुकवलेल्या पिशव्या. पानं, काटक्या, फुलं-बिया वेगळ्या करायच्या, प्रत्येकाचं वजन नोंदवायचं. कंटाळवाणं काम आहे, पण असे आकडे वर्षानुवर्षं साठल्याशिवाय पाणी मागायला आधार कुठून आणायचा?

4.30 : अहवाल. पडलेली लाकडं आणि सॉल्ट सीडरचं दाट झुडूप काढा. जुन्या कॉटनवुडच्या बुंध्याभोवतीचा पाचोळा दंताळ्याने लांब ओढा. उरलेला राहू द्या. आणि जिथे शक्य आहे तिथे मे महिन्यात पाणी सोडा. 1990 च्या दशकात दक्षिणेला बोस्के देल अपाचेमध्ये संशोधकांनी जवळजवळ महिनाभर पाणी सोडून पाहिलं, तिथलं कुजणं पुन्हा वेगाने सुरू झालं. दंताळ्याने हे होत नाही.

अल्बुकर्कीत राहणाऱ्या किंवा पाहुणे म्हणून येणाऱ्या मराठी मंडळींना एकच सांगणं : मे-जूनच्या कोरड्या वाऱ्यात बोस्केत जरूर फिरा, पण काडी पेटवू नका. इथल्या बहुतेक आगी माणसानेच लावलेल्या असतात.