रुमाल आणि दुपट्टा

धार आणि देवास ही नावे उच्चारताच मराठी वाचकांस पवारांच्या गाद्या आठवतात. देवासला तर थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या. परंतु १८१८-१९ मध्ये या संस्थानांचे इंग्रजांशी तह झाले, त्यापूर्वी या मुलखातून प्रवास करणे म्हणजे जीव मुठीत धरून चालणे होते. आजच्या देवास जिल्ह्यातील सातवास-नेमावर हा चितू पेंढाऱ्याचा अड्डा. पेंढारी निदान धुरळा उडवीत येत. ठग मात्र गोड बोलून सोबतीला लागे आणि संधी साधून रुमालाने गळा आवळी.

ठगांच्या कहाण्या इंग्रज अधिकाऱ्यांनी फुगविल्या, असे काही इतिहासकार मानतात. तो वाद येथे नको. फिलिप मेडोज टेलर यांच्या १८३९ सालच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीतील अमीर अली बालपणी पोरका होतो, त्याच्या आईबापांचा घात करणारा ठगच त्याला वाढवितो आणि धंद्याचे नियम शिकवितो. ७१९ खुनांत सहभाग सांगणारा हा माणूस इतका लाघवी, की वाचक त्याच्या बाजूचा होऊन बसतो.

अमेरिकेत २००६ ते २०१३ पर्यंत चाललेली, आणि पुढे नव्या रूपांत पुन्हा अवतरलेली ‘डेक्स्टर’ ही दूरचित्रवाणी मालिका याच वाटेने जाते. तिच्या नायकानेही बालपणी आईची हत्या पाहिलेली. पोलीस अधिकारी असलेला पालक पिता त्याला नियम घालून देतो: मारायचे ते खुन्यांनाच. येथेच आम्हांस फरक दिसतो. अमीर अलीचे बळी निरपराध वाटसरू आहेत, आणि अखेर अजाणता तो सख्ख्या बहिणीचाच घात करतो. टेलर वाचकाला भुलवितात, पण हिशेब चुकता करावयास लावतात. मालिकेतील बळी मात्र बहुधा मरण्याच्याच लायकीचे, म्हणून प्रेक्षकाला निर्धास्तपणे टाळ्या पिटता येतात.

प्रत्यक्षातला खुनी असले नियम पाळीत नाही. आपल्याच गोव्यात, फोंडा तालुक्यात, २००९ साली पकडल्या गेलेल्या एका इसमावर अनेक तरुणींच्या खुनांचे आरोप ठेवले गेले. काही खटल्यांत तो सुटला, काहींत त्याला जन्मठेप झाली. लग्नाचे आमिष, चार गोड शब्द, मग दुपट्ट्याचा फास आणि अंगावरचे दागिने लंपास. माळव्यातला रुमाल तो हाच.

अशा मालिकांवर बंदी घाला, असे आम्ही म्हणणार नाही. कलेला काळोखात शिरण्याचा अधिकार आहे. मात्र गोडवा हा त्या वाटेवर खुन्याचा गुण नव्हता, ते त्याचे हत्यार होते, एवढे प्रेक्षकांनी विसरू नये. पडद्यावरच्या खुन्यासाठी डोळे पाणावतील तेव्हा, घरी परत न आलेल्या त्या मुलींची नावे आपल्यापैकी कितीजणांना आठवतात, हेही ज्याने त्याने स्वतःला विचारावे.