पार्ट बदलायचे की सायकलच?

रविवारची सकाळ, पावणेसात. सिंहगडाचा घाट. चढताना जीव गेला होता, पण ते ठीक आहे, त्यासाठीच तर जातो आपण. खरा सिनेमा सुरू झाला उतरताना. दोन्ही ब्रेक मुठी आवळून दाबलेले आणि सायकल मात्र स्वतःच्या धुंदीत! वळणावर समोरून ट्रिपल सीट बाइक. शेवटी बूट रस्त्यावर घासत, कडेच्या मातीत घुसून थांबलो. गुडघा फुटला, बाकी काही नाही. पण हात पुढचा अर्धा तास थरथरत होते.

सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये विषय निघाला आणि लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणाली, ‘‘हायड्रॉलिक ब्रेक टाक, एअर फोर्क टाक, सायकल मक्खन होईल.’’ दुसरी म्हणाली, ‘‘चौदा हजारांच्या सायकलवर पैसे कसले जाळतोस? सेकंडहँड घे एखादी भारीतली.’’ मी एका दुकानातून कोटेशन काढलं. ब्रेक, फोर्क, नवी चाकं, नऊचे गिअर, मजुरी. बेरीज छत्तीस हजार! म्हणजे सायकलच्या अडीचपट. बॉस, इथे कॅल्क्युलेटर बंद करून दोन मिनिटं शांत बसायला हवं.

मी आमच्या गल्लीतल्या मेकॅनिक काकांकडे गेलो. काकांनी चाक फिरवलं, डिस्कवर बोट फिरवलं आणि नाकाला लावलं.

‘‘चेनला स्प्रे मारता का हो दादा?’’

‘‘मारतो की. दर रविवारी.’’

‘‘तोच उडलाय इथं. डिस्क तेलकट झाली, पॅड तेल प्यायलेत. ब्रेक लागणार कसा?’’

नवे पॅड, नव्या केबल्स, डिस्क स्वच्छ पुसून दिली, रिंगचा आउट काढला. नऊशे रुपये. आणि ज्या ब्रेकला मी शिव्या घालत होतो तो टकाटक लागायला लागला. चूक माझी, शिव्या सायकलला. तेव्हा पहिली गोष्ट ही, की अपग्रेडचं बघण्याआधी एकदा व्यवस्थित सर्व्हिसिंग करून घ्या. अर्धी दुखणी तिथेच संपतात.

उरलेल्या अर्ध्यांपैकी काही टायरने संपतात. आपण एमटीबी घेतो ती दिसायला दणकट म्हणून, आणि चालवतो कुठे? कोथरूड ते हिंजवडी. त्या जाड खवल्यांच्या टायरवर डांबरी रस्त्यावर नुसती घरघर आणि दमछाक. त्याऐवजी थोडे गुळगुळीत, अरुंद टायर टाका, हवा बरोबर ठेवा, सीट उंचीप्रमाणे वर घ्या. तीन-चार हजारांत सायकल वेगळीच वाटते. टायर, पॅड, ग्रीप, सीट, पेडल यावर खर्च करायला माझी काहीच हरकत नाही. यातल्या सीट, ग्रीप आणि पेडल तर बहुतेक वेळा पुढच्या सायकललाही लागतात.

खरी गंमत त्यापुढे सुरू होते. स्वस्त सायकलचा एक पार्ट कधी एकटा बदलत नाही, सगळी वरात घेऊन येतो. सातचे गिअर नऊचे करायचेत? बहुतेक बजेट सायकलींना मागे आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं. नऊची कॅसेट त्यावर बसत नाही, म्हणून हब वेगळा. हब वेगळा म्हणजे व्यवहारात नवं चाकच. मग शिफ्टर, डीरेलर, चेन. फोर्कचंही तेच. आजचे बरेच चांगले फोर्क खाली रुंद होणाऱ्या नळीचे आणि जाड अॅक्सलचे असतात. जुन्या फ्रेमचं तोंड सरळ आणि अरुंद, तिथे ते शिरतच नाहीत. शिरला तरी फोर्क जास्त उंच असेल तर पुढची बाजू वर उचलली जाते आणि चढावर हँडल भरकटतं. आणि हे सगळं करून जड फ्रेम जागच्या जागीच! विकताना ‘काका, यात सोळा हजारांचा फोर्क आहे’ म्हणून बघा. समोरचा फक्त फ्रेमवरचं नाव वाचतो.

तसा हा घोळ आजचा नाही. एमटीबीचा जन्मच यातून झाला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या जाडजूड टायरच्या भंगार सायकली स्वस्तात उचलायची, त्यांना गिअर आणि बरे ब्रेक लावायची आणि डोंगरावरून सुसाट सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ला तिथे ‘रीपॅक’ नावाची शर्यत सुरू झाली. सुमारे तीन किलोमीटरांत चारशे मीटर उतार! उलटं पेडल मारून लावायचे ब्रेक इतके तापायचे की हबमधलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं. खाली पोचलं की हब खोलून पुन्हा ग्रीस भरायचं, म्हणून नाव रीपॅक. पण जुन्या फ्रेमना हा मार झेपेना. शेवटी त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७मध्ये या कामासाठी खास नवी फ्रेम बनवली. १९८१मध्ये स्पेशलाइज्डची ‘स्टंपजंपर’ आली आणि असली सायकल थेट दुकानात मिळू लागली. अपग्रेड करकरून ज्यांनी हा खेळ उभा केला, त्यांनाही एका टप्प्यावर फ्रेमपाशी थांबावं लागलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घिसणाऱ्या आणि अंगाला टेकणाऱ्या वस्तू खुशाल बदला. फोर्क, चाकं, गिअर या तिघांपैकी दोन बदलावेसे वाटले, की समजा तुम्हाला दुसरी सायकल हवी आहे.

ती सेकंडहँड का? कारण बाजारात माल आहे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये जिमला टाळं लागलं आणि अर्ध्या शहराला सायकलिंगचा झटका आला. त्यातल्या कित्येक सायकली पुढे सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या राहिल्या. बायको किंवा आई रोज कटकट करते, मग कधीतरी फोटो पडतो ‘हार्डली यूज्ड’ म्हणून.

पण भुलू नका. सगळ्यात आधी साइझ. तुमची उंची पाच फूट चार इंच आणि सायकल लार्ज असेल, तर फुकट मिळाली तरी नको. मग फ्रेम उन्हात बघा, दिव्याखाली नाही. हँडलच्या खाली, पुढच्या नळ्या जिथे जोडल्यात, तिथे रंगाला सुरकुती किंवा केसासारखी रेघ दिसली तर ती समोरून आपटलेली आहे. चहा पिऊन परत या. फोर्कच्या चकचकीत नळीवर नख फिरवा, ओरखडा लागला की सील खाणार. मागे-पुढे दोन्हीकडे शॉक असलेली सायकल पहिल्यांदा घेताना टाळाच, तिच्या सांध्यांचे बेअरिंग खिसा रिकामा करतात. नावांचीही मजा असते. शिमानोत टूर्नी सगळ्यात खाली, वर ऑल्टस, असेरा, अलिव्हिओ, मग देओरे. २०२३मध्ये कंपनीने ‘क्यूज’ आणून खालची बरीच नावं एकत्र करायला घेतली, पण सेकंडहँडमध्ये जुनीच भेटतात. मागच्या डीरेलरवर देओरे लिहिलंय म्हणून हुरळू नका, शिफ्टर आणि क्रँकही वाचा. दिसतो तो पार्ट भारी आणि लपलेले सगळे स्वस्त, ही जुनी युक्ती आहे.

बिल मागा. पेडलच्या खाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो, तो बिलाशी जुळवा. बिल हरवलंय, नंबर घासलेला आणि भाव अर्ध्याहून कमी? मग ती कुणाच्या तरी जिन्याखालून आलेली असू शकते. आणि बजेटमधून चार-पाच हजार बाजूला ठेवा. चार वर्षं उभ्या सायकलचं रबर वाळतं, चेन-कॅसेटही लागू शकते.

मी काकांना चहा-क्रीमरोलच्या बोलीवर सोबत नेलं. बाणेरची पहिली सायकल त्यांनी उलटी केली, खालच्या नळीवरून अंगठा फिरवला आणि नुसती मान हलवली. तिथून निमूट निघालो. तिसरी, औंधची, बावीस हजारांत पटली. मीडियम साइझ, एअर फोर्क, हायड्रॉलिक ब्रेक, बिलासकट. टायर आणि चेन मिळून आणखी साडेचार. म्हणजे कोटेशनपेक्षा साडेनऊ हजार कमी, आणि वजनात तीन किलो हलकी.

जुनीला बाजारात चार हजार सांगतात. दिली नाही. तिला मडगार्ड, कॅरिअर आणि गुळगुळीत टायर लावलेत, ती आता रोज ऑफिसला येते. चेनला तेल मात्र मी आता थेंब थेंब घालतो, डिस्कवर जुनी बनियन पांघरून.